पावले वाचवा, पाठ वाचवा

कारखान्याला रविवार असतो, शाळेला सुट्टी असते, ऊसतोडणीलाही हंगाम असतो. चुलीला मात्र ना रविवार ना हंगाम. दिवाळी असो की वादळ, घरातल्या माणसांना दोन वेळा जेवायला लागते, धुणे पडते, भांडी निघतात, केर काढावा लागतो. हे काम ज्यांच्या अंगावर पडते त्या आपल्या आया, बहिणी, सुना दिवसाच्या शेवटी म्हणतात, ‘दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत, आणि केले काय म्हणाल तर काहीच दिसत नाही.’

या आठवड्यात आम्ही या न दिसणाऱ्या कामाविषयी लिहीत आहोत, आणि त्यासाठी वाचकांना थोडे दूर, अमेरिकेत नेणार आहोत. अमेरिका म्हटले की आपल्यापुढे यंत्रे उभी राहतात. तिकडच्या बायकांना काय कष्ट, बटण दाबले की काम झाले, अशी आपली समजूत असते. पण यंत्रे घरोघर येण्याच्या आधीपासून अमेरिकेतल्या काही स्त्रियांनी साधा प्रश्न विचारला होता : घरात बाईचे श्रम नेमके जातात कोठे? त्या प्रश्नातून निघालेल्या युक्त्यांना पैसा फारसा लागत नाही. म्हणून त्या आपल्या घरांनाही उपयोगी पडतील असे आम्हाला वाटते.

पहिला धडा : पावले मोजा

न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाने शेतकऱ्यांसाठी टपालाने माहितीपत्रके पाठवण्याची प्रथा सुरू केली होती. पीक, जमीन, गुरे यांविषयी त्यांत मजकूर असे. मग शेतकऱ्याच्या बायकोचे काय? तिच्यासाठीही असे काही असावे म्हणून १९०० मध्ये मार्था व्हॅन रेन्सेलेर यांना तेथे बोलावण्यात आले. त्यांनी १९०१ मध्ये पहिले पत्रक काढले, त्याचा विषयच होता ‘पावले वाचवणे’. पत्रकाबरोबर बायकांना प्रश्नही विचारलेले असत, आणि शेतावरच्या बायका लांबलचक उत्तरे लिहून पाठवत. विहीर स्वयंपाकघरापासून लांब, लाकडे परसात, साठवणीची खोली तळघरात. दिवसभर चालून चालून पाय दुखतात, ही त्यांची तक्रार होती.

हाच विचार पुढे शास्त्रशुद्ध रीतीने मांडला तो लिलियन गिल्ब्रेथ (१८७८-१९७२) यांनी. या बाईंना बारा मुले झाली. नवरा फ्रँक गिल्ब्रेथ हे कारखान्यांतील कामाची पाहणी करीत. गवंडी वीट लावताना किती वेळा वाकतो, कोणती हालचाल फुकट जाते, हे बघून ते श्रम कमी करण्याचे मार्ग सुचवीत, आणि लिलियनबाई या कामात त्यांच्या बरोबरीच्या भागीदार होत्या. १९२४ मध्ये फ्रँक अचानक वारले. पदरात अकरा मुले होती. कारखानदार एका बाईला काम द्यायला कचरू लागले. तेव्हा कारखान्यात वापरलेली विद्या त्यांनी स्वयंपाकघराकडे वळवली.

१९२९ मध्ये ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी त्यांनी नमुन्याचे स्वयंपाकघर मांडून दाखवले. त्याची परीक्षा म्हणून स्ट्रॉबेरीचा एक केक आधी नेहमीच्या स्वयंपाकघरात आणि मग या नव्या मांडणीत करून पाहण्यात आला. जुन्या ठिकाणी २८१ पावले चालावी लागली, नव्या ठिकाणी ४५. केक तोच, करणारीचे पाय मात्र वाचले. फरक होता तो वस्तू कोठे ठेवल्या यात.

आपण हे घरी करून बघावे. एखाद्या दिवशी संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी मुलाला किंवा मुलीला वही-पेन्सिल देऊन एका कोपऱ्यात बसवा आणि आई किती पावले चालते, किती वेळा वाकते, तेच कपाट किती वेळा उघडते याच्या रेघा ओढायला सांगा. डाळ एका टोकाला, कुकर दुसऱ्या टोकाला, मिठाचा डबा खालच्या फळीवर आणि फोडणीचे साहित्य पाठीमागच्या कपाटात, असे बहुतेक घरी आढळेल. याचे कारण असे की वस्तू घरात आली त्या दिवशी जिथे जागा मिळाली तिथे ती बसली, आणि मग तिथेच राहिली.

यावर उपाय सोपा आहे. वस्तू जिथे वापरली जाते तिथेच ठेवावी. चहा, साखर आणि गाळणे किटलीजवळ. तेल, मोहरी, हळद, मीठ शेगडीच्या हाताशी. सुरी, विळी आणि केराचे भांडे भाजी धुण्याच्या जागेजवळ. रोज लागते ते कंबरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, आठवड्यातून एकदा लागते ते खाली, आणि सणावारी लागणारे मोठे डेक्सी-पातेले वर माळ्यावर. इतके केले तरी वाकणे-उठणे पुष्कळ कमी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लहान घरांच्या बांधणीचा अभ्यास झाला. त्यातून शेगडी, पाण्याची मोरी आणि शीतकपाट यांना जोडणाऱ्या त्रिकोणाचा नियम प्रसिद्ध झाला. या तीन जागांमधले अंतर एकत्र मोजले तर ते साधारण २६ फुटांहून जास्त नसावे, असे त्यात सांगितले आहे. नवे घर बांधणाऱ्यांनी किंवा जुन्या घराला खोली वाढवणाऱ्यांनी मिस्त्रीला हे आधीच सांगून ठेवावे. एकदा भिंत उठली की पुढची पन्नास वर्षे तेवढे चालणे नशिबी येते.

ओटा कोणाच्या उंचीचा?

लिलियनबाईंना स्वतःला स्वयंपाकाची फारशी हौस नव्हती. म्हणूनच की काय, आपल्याला सगळे कळते असे त्यांनी धरले नाही. त्यांनी बायकांना विचारले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी काम करताना त्यांनी चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि शेगडी, मोरी वगैरेंची सोयीची उंची कोणती ते ठरवले. त्यांचे म्हणणे असे, की ओटा काम करणारीच्या उंचीला जुळला पाहिजे. पायाने उघडणारे झाकणाचे कचऱ्याचे भांडे आणि शीतकपाटाच्या दाराच्या आतल्या फळ्या, या आज घरोघर दिसणाऱ्या सोयींचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

आपल्याकडे ओटा बांधताना मिस्त्री मापे घेतो ती भिंतीची. उभी राहणारी बाई पाच फुटांची की साडेपाच फुटांची, हे कोणी विचारत नाही. ओटा फार खाली असला की पाठ आणि मान भरून येते. फार उंच असला की खांदे दुखतात. परीक्षा अशी : सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवा. भाजी चिरण्याची जागा कोपराच्या तीन-चार इंच खाली असावी. कणीक मळण्याची आणि पोळ्या लाटण्याची जागा त्याहून थोडी आणखी खाली असावी, कारण तिथे अंगाचा भार द्यावा लागतो.

बांधलेला ओटा तोडायची गरज नाही. खाली असेल तर जाड पाट ठेवून त्यावर चिरावे. उंच असेल तर पायाखाली न हलणारी रुंद फळी घ्यावी. आणि जे काम बसून होते ते बसून करावे. शेंगा सोलणे, तांदूळ निवडणे, लसूण सोलणे यासाठी उभे राहण्यात काही पुण्य नाही. आपल्या आज्या ही कामे ओसरीवर बसून, गप्पा मारत करीत; ती पद्धत शहाणपणाचीच होती.

उसाच्या दुसऱ्या एका बेटावरून

आता अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर येऊ. हे बेटसमूहाचे राज्य आपल्याला परके वाटू नये. तेथेही आपल्यासारखाच ऊस पिकत असे, आणि मळ्यांवर काम करण्यासाठी समुद्रापलीकडून माणसे आणलेली होती. तेथील अखेरचा मोठा उसाचा मळा २०१६ मध्ये बंद झाला.

हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले ते १९५९ मध्ये. त्याच वर्षी होनोलुलूच्या ‘होनोलुलू ॲडव्हर्टायझर’ या दैनिकात हेलोइज बोल्स क्रूझ नावाच्या एका बाईंनी सदर सुरू केले. त्यांचे यजमान हवाई दलात अधिकारी होते. सदराची कल्पना अगदी साधी होती : एका गृहिणीने अडचण लिहून पाठवायची आणि दुसऱ्या गृहिणीने आपली युक्ती सांगायची. बाई त्या निवडून छापत. १९६१ पासून हे सदर अमेरिकेतील इतर वर्तमानपत्रांतही जाऊ लागले आणि शेकडो पत्रांत पोहोचले. १९६२ मध्ये युक्त्यांचे पुस्तक निघाले आणि तेही खूप खपले. १९७७ मध्ये बाई वारल्या, तेव्हा त्यांच्या लेकीने त्याच नावाने सदर पुढे चालवले.

त्यांच्या सदरात सर्वांत जास्त वेळा येणारी वस्तू म्हणजे व्हिनेगर, म्हणजे आपला शिरका, आणि त्याच्या जोडीला खाण्याचा सोडा. महागड्या बाटल्या घेण्याआधी घरात काय आहे ते बघा, हा त्यांचा रोख. त्या वाटेने चालणाऱ्या आणि आपल्या घरी करून पाहण्यासारख्या काही युक्त्या आम्ही येथे देतो.

किटलीत पांढरा थर बसला असेल तर अर्धा शिरका व अर्धे पाणी घालून उकळावे, तासभर तसेच ठेवावे, मग दोनदा स्वच्छ पाणी उकळून ओतून टाकावे. शिरका मात्र संगमरवरावर किंवा सिमेंटच्या चकचकीत फरशीवर घालू नये. आम्लाने ती निस्तेज होते.

स्टीलच्या पातेल्याला भात किंवा दूध लागले तर घासत बसू नये. पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटे उकळावे आणि निवू द्यावे. करप आपोआप सुटतो. ॲल्युमिनियमच्या डेक्सीला मात्र सोडा वापरू नये, ती काळी पडते. काळी पडलेली डेक्सी उजळायची तर पाण्यात लिंबाच्या पिळलेल्या फोडी टाकून उकळावी.

पितळेची समई आणि तांब्याचे तांबे आपण चिंचेने घासतो. अमेरिकेत तेच काम शिरका आणि मिठाने करतात. दोन्हींत आम्लच काम करते, तेव्हा आपल्या आजीची चिंच कुठेही कमी नाही.

हेलोइजबाई भांडी घासायला नायलॉनची जाळी वापरायला सांगत. ती त्या काळची नवलाई होती. आज आपल्याला ठाऊक आहे की नायलॉनचे बारीक कण पाण्याबरोबर समुद्रात जातात. बेटावर राहणाऱ्यांनी त्याऐवजी वेलावर वाळवलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा नारळाचा काथ्या वापरावा.

क्युरपिप, वाक्वाच्या दमट हवेत मीठ पाझरते. मिठाच्या बाटलीत तांदळाचे थोडे दाणे टाकावे; ते ओल शोषून घेतात.

कडधान्य रात्री भिजत घातले तर सकाळी गॅसही वाचतो आणि वेळही. भात शिजत आला की पाच मिनिटे आधी गॅस बंद करून झाकण घट्ट ठेवावे. आतल्या वाफेवर तो पुरा होतो.

कौतुकाच्या भरात घात नको

घरगुती युक्त्या तोंडोतोंडी पसरतात, आणि त्यांत काही निरुपयोगी व काही घातक असतात. म्हणून येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

पहिली : शिरका आणि सोडा एकत्र घातला की फेस येतो. बघायला छान वाटते, पण दोघे एकमेकांचा जोर मारतात आणि मागे उरते जवळजवळ खारट पाणी. ज्याचे काम त्याच्याकडून, वेगवेगळे करून घ्यावे.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. आपल्या घरी फरशी आणि न्हाणीघर धुवायला जावेल वापरतात. जावेलमध्ये शिरका, लिंबू किंवा संडास साफ करण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. अमोनिया असलेल्या द्रावणातही जावेल घालू नये. त्यातूनही विषारी वायू निघतात. बंद न्हाणीघरात थोडासा वायूही डोळे, घसा आणि फुप्फुसे जाळतो. ‘दोन्ही घातले तर दुप्पट स्वच्छ होईल’ हा विचार इथे प्राणघातक ठरू शकतो. चुकून मिसळले गेलेच तर तिथे थांबू नये. ताबडतोब उघड्या हवेत यावे, मुलांना दूर न्यावे आणि खोकला किंवा श्वासाचा त्रास झाल्यास विलंब न लावता दवाखान्यात जावे. जावेल पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवयही सोडावी. तहानलेल्या मुलाला बाटली ओळखीची वाटते.

वादळाच्या दिवसांसाठी

१९६० चे कॅरोल वादळ ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको की आधीची तयारी म्हणजे काय. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यालाही दरवर्षी वादळांची भीती असते, आणि तेथील सरकारी अन्नखात्याच्या सूचना आपल्यालाही लागू पडतात. वीज गेली की शीतकपाटाचे दार उघडू नये. बंद ठेवल्यास आतले अन्न सुमारे ४ तास चांगले राहते. भरलेल्या फ्रीझरमधले सुमारे ४८ तास, अर्ध्या भरलेल्यातले २४ तास. म्हणून इशारा मिळताच पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये ठेवाव्या. थंडावा टिकतो आणि वितळले की पाणीही मिळते.

तिकडची आणखी एक गमतीदार पण कामाची युक्ती आहे. पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे आणि पेला फ्रीझरमध्येच असू द्यावा. घर सोडून आसऱ्याच्या ठिकाणी जावे लागले तर परत आल्यावर नाणे बघावे. ते बर्फात खाली बुडालेले दिसले तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला, म्हणजे ते मांस-मासे खाण्यास योग्य नाहीत.

शिजवलेला भात, मासे, डाळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि कडक उन्हाळ्यात तर तासाभरापेक्षा जास्त नाही. काड्यापेटी, मेणबत्त्या, विजेरी, औषधे आणि कागदपत्रे एकाच डब्यात, आणि तो डबा कोठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. अंधारात एकट्या आईला शोधायला लावू नये.

वाचलेला वेळ कोणाचा?

येथवर युक्त्या झाल्या. आता एक गोष्ट, जी युक्त्यांच्या पुस्तकांत सहसा नसते.

अमेरिकेत १९२० पासून पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत नळ, वीज, धुण्याचे यंत्र, शीतकपाट, विजेची इस्त्री असे सारे घरोघर आले. मग बाईचे काम किती कमी झाले? जोअन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये जुन्या-नव्या पाहण्या ताडून दाखवले, की नोकरी न करणारी गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करी, आणि १९६० च्या दशकात सुमारे ५५ तास! इतकी यंत्रे येऊन तास घटले नाहीत.

याचे कारण इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात उलगडून सांगितले. पूर्वी घरकाम सगळ्यांचे होते. पुरुष लाकडे फोडत, मुले पाणी आणत. गॅस आला तेव्हा लाकडे फोडण्याचे काम गेले; ते पुरुषाचे काम होते. नळ आला तेव्हा पाणी आणण्याचे काम गेले. ते मुलांचे होते. स्वयंपाक आणि धुणे मात्र जिथल्या तिथे राहिले. शिवाय यंत्र आले म्हणून सदरा रोज बदलू लागला, चादरी दर आठवड्याला धुतल्या जाऊ लागल्या, जेवणात पदार्थ वाढले. यंत्राने जो वेळ वाचवला तो नव्या कामाने गिळला.

आपल्या घरांकडे पाहिले तर हेच चित्र दिसते. रोस कारीवर मसाला वाटण्याचे कष्ट गेले, सरपणाची मोळी गेली. तरीही सणाच्या दिवशी पुरणपोळ्या लाटणारे हात अजून तेच आहेत, आणि शेवटी जेवायला बसणारीही तीच. आज आपल्या पुष्कळ मुली-सुना नोकरीला जातात. बाहेरचे आठ तास झाले की घरी दुसरी पाळी सुरू होते. तिला आम्ही केवळ किटली साफ करण्याची युक्ती सांगितली तर ती थट्टाच ठरेल.

म्हणून गिल्ब्रेथ कुटुंबाची आणखी एक रीत येथे सांगतो. त्यांच्या दोन मुलांनी १९४८ मध्ये आपल्या घरावर ‘चीपर बाय द डझन’ हे विनोदी पुस्तक लिहिले. त्यात आहे, की त्यांच्या घरी कुटुंबाची सभा भरत असे आणि कामे सगळ्यांत वाटली जात. मुलांनी आपापली कामे केल्यावर भिंतीवरच्या तक्त्यावर खूण करायची. कुंपण रंगवण्यासारख्या मोठ्या कामासाठी मुले चक्क बोली लावीत. आई-बाप आज्ञा देऊन मोकळे होत नसत. काम कोणाचे हे सर्वांसमोर ठरे.

आपल्याकडे सभा नको, पण रविवारी दुपारी जेवणानंतर दहा मिनिटे पुरेत. एका कागदावर घरातली सगळी कामे लिहा, अगदी दूध तापवण्यापासून गॅसचा सिलिंडर संपल्याचे लक्षात ठेवण्यापर्यंत. प्रत्येक कामापुढे ते सध्या कोण करते त्याचे नाव घाला. एकच नाव पुन्हा पुन्हा येईल. ते बघून घरातल्या पुरुषांना आणि मुलांना जे वाटेल, तेच या लेखातले सर्वांत उपयोगी वाक्य समजावे. मग दोन-चार नावे बदला. ज्याचे ताट त्याने घासावे, इतक्यापासून सुरुवात झाली तरी पाच माणसांच्या घरात चार ताटे कमी होतात. मुलगा आणि मुलगी यांत भेद नको. आज भांडे न उचलणारा मुलगा उद्या दुसऱ्याच्या लेकीला राबवील.

आणि जो अर्धा तास वाचेल तो घरातल्या कर्तीचा असू द्यावा. तिने तो पुन्हा कपाट आवरण्यात घालवू नये. शेजारणीकडे बसावे, भजनाला जावे, वाचावे, किंवा नुसते पाय पसरून पडावे.

होनोलुलूच्या सदराचे खरे बळ त्या पत्रे लिहिणाऱ्या बायकांत होते. आपल्या घरांतही अशा कितीतरी युक्त्या आहेत, ज्या आजीबरोबर निघून जातात आणि कोणी लिहून ठेवत नाही. आपल्या आईने, आजीने, सासूबाईंनी शिकवलेली एखादी सोय आपल्याला आठवत असेल तर ती चार ओळींत लिहून आम्हाला पाठवावी. मराठी शब्द अडला तर क्रिओलमध्ये लिहावा. आम्ही समजून घेऊ. निवडक युक्त्या, पाठवणाऱ्याच्या गावासह, आम्ही याच पानावर आनंदाने छापू.